काच जरा हलली पाहिजे

शेगडीच्या काचेला तडा नानांनी पाडला आणि आळ माझ्यावर घातला. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होते. बाहेरच्या खोलीत दार आपटल्याचा आवाज आला, पुन्हा आपटल्याचा आला, आणि मग एक बारीकसा आवाज, बशीवर बशी ठेवताना होतो तसा. मी गॅस बंद करून धावले तोवर नाना आपल्या खुर्चीत जाऊन बसले होते. हात मांडीवर, चेहरा साळसूद. शेगडीतलं एक लाकूड चार बोटं बाहेर आलेलं, आणि त्याच्यावर दार रेटून लावायचा प्रयत्न झालेला. काचेच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली रेघ थेट खालच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती.

"नाना, हे काय करून ठेवलंत?"

"तू लाकूड लांब कापलंस," ते म्हणाले. "मी सांगत होतो तुला."

सांगत कुणी नव्हतं. लाकडं वखारवाला कापून देतो, आणि त्यात लांब निघतात ती मी मागच्या दारी वेगळी ठेवते. नानांनी नेमकी तिथली काढली. सकाळी काय खाल्लं ते ज्यांना दुपारी आठवत नाही, त्यांना नको ती वस्तू मात्र बिनचूक सापडते. ह्या आजाराची ही एक गंमत आहे. गंमत म्हणते ती रागानेच म्हणते.

आमची शेगडी लोखंडी, कमरेएवढी उंच, चार वाकड्या पायांवर उभी. वरून धुराडं छताबाहेर जातं, समोर दार, आणि दाराला उघड्या पुस्तकाएवढी काच. घरात दुसरी ऊब नाही. शेगडी पेटलेली असली की दोन्ही खोल्या राहण्यासारख्या होतात. विझली की भिंतींना हात लावावासा वाटत नाही. पण मला ऊब हा दुय्यम प्रश्न होता. माझा जीव त्या काचेत अडकला होता, कारण नानांचा जीव त्या काचेत अडकला होता.

नाना पंपांच्या कारखान्यात फिटर होते. कारखाना कधीचाच पाडला, तिथे आता गाड्या धुतात. पण मागच्या थंडीपासून नाना सकाळी उठून कामावर जायला लागले. सपाता घालून, कधी शर्टाशिवाय, धुक्यात. मी कडी लावायचे, ते कडी काढायचे. मी कुलूप लावलं, त्यांनी बिजागऱ्या काढल्या. मग एके दिवशी मी त्यांची खुर्ची शेगडीसमोर ओढली, आणि काय झालं कोण जाणे, ते बसले. काचेतून जाळ बघत बसले ते जेवायला हाक मारेपर्यंत. टीव्हीसमोर ते बसत नाहीत, टीव्हीतली माणसं घरात घुसली आहेत असं त्यांना वाटतं. जाळ मात्र आवडतो. मधूनच म्हणतात, "छान चाललंय," म्हणजे मशीन छान चाललंय. तेवढ्या भरवशावर मी कामाला जात होते. शेजारच्या काकू दुपारी येऊन एक लाकूड घालून जायच्या आणि नाना संध्याकाळपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

त्याच्या आधी एकदा ते पुलापर्यंत गेले होते. दुधाच्या गाडीवाल्याने आणून सोडलं. तेव्हा धाकटा, म्हणजे माझा भाऊ, शहरातून तडक आला आणि उभ्या उभ्याच बोलला, "ताई, अजून एकदा काही झालं की मी त्यांना म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवणार. मग तुझं काही ऐकायचा नाही."

ती संस्था मला ठाऊक आहे. मी धुलाईखान्यात इस्त्रीवर असते आणि तिथल्या चादरी आमच्याकडेच येतात. चादरींच्या कोपऱ्यांना नाड्या शिवलेल्या असतात. नाड्या कशाला, ते मी कधी विचारलं नाही. इस्त्री करताना त्या बाजूला करते आणि मधला भाग दाबते.

तर काच फुटली, म्हणजे धाकट्याला हवं ते "काही" झालं होतं. मी त्याला कळवलं नाही. शेगडी विझवली, दोन स्वेटर आणि एक कोट घालून नानांना बांधून काढलं आणि कामावर खोटं सांगून घरी राहिले. दुपारपर्यंत नानांनी कोट काढून ठेवला होता आणि ते दाराशी उभे होते. "पाळी बदलायची वेळ झाली," ते म्हणाले. मी त्यांना ओढून आणलं. ते पुन्हा गेले. मी पुन्हा आणलं. संध्याकाळी मी रडले, कुणी बघत नव्हतं म्हणून मोठ्याने रडले.

दुसऱ्या दिवशी काकूंना नानांजवळ बसवलं, शेगडीचं दार बिजागऱ्यांवरून उचललं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसने निघाले. लोखंडाचं ते, पाच मिनिटांत मांडी बधिर झाली. कंडक्टरने चादर जरा उचलून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, घराला कुलूप लावण्यापेक्षा दारच घेऊन निघालात? हुशार आहात." सगळी बस हसली. मला हसू आलं नाही, पण आता लिहिताना येतंय, म्हणजे विनोद बरा असावा.

काचवाल्याला सर्दी झाली होती. गळ्यात मफलर, नाक लाल, तोंड कडू. त्याने दार फळीवर आडवं ठेवलं, तड्यावरून अंगठा फिरवला आणि शिंकला.

"खिडकीची काच बसवून द्या," मी म्हटलं. "जाड असली म्हणजे झालं."

"पहिल्याच जाळात फुटेल."

"जाड असली तरी?"

"जाड असली तर जास्त मोठ्याने फुटेल." त्याने नाक पुसलं. "ह्याला ताप सोसणारी काच लागते. ह्या शेगड्या करणारी कंपनी बंद पडली, त्यामुळे ह्या मापाची मिळायची नाही. मोठ्या तुकड्यातून कापावी लागेल, आणि मोठा तुकडा आहे का, ते बघावं लागेल."

तो आत गेला. आतून फळ्या सरकवल्याचे, शिंकांचे आणि शिव्यांचे आवाज आले. मी दुकानातल्या आरशांमध्ये उभी होते. जिकडे बघावं तिकडे मीच, विस्कटलेल्या केसांची, आणि प्रत्येकीचा चेहरा घाबरलेला. शेवटी तो कागदात बांधलेला तुकडा घेऊन आला. धूळ झटकली, दाराशी मापून पाहिला.

"नशीब तुमचं. होतोय. पण एवढाच आहे. पुढचा माल थंडी संपल्यावर येईल. थंडीत सगळ्यांना हवी असते आणि नेमकी थंडीतच मिळत नाही."

पाणी ठिबकणाऱ्या चाकावर त्याने काच कापली, कडा घासल्या. मग माझ्यासमोर ती चारही बाजूंनी धरून म्हणाला, "बसवणार कोण?"

"मीच."

"मग ऐका. काचेखाली धूर अडवायला दोरी असते, ती जुनी खरवडून काढा, नवी चिकटवा, तिच्यावर काच ठेवा, वरून पट्ट्या आणि स्क्रू. स्क्रू बोटांनी फिरवा. पाना लावू नका."

"बोटांनी?"

"बोटांनी. काच जरा हलली पाहिजे. लोखंड तापलं की फुगतं. ही फुगत नाही. जागा नाही ठेवलीत तर लोखंड तिला मोडून टाकतं."

"मग ती वाजेल."

"वाजू दे की," तो वैतागून म्हणाला. "तुम्हाला काच हवीय की शांतता?"

मी कुणाची मुलगी आहे, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. कारखान्यात नानांना 'पाना' म्हणायचे. कुठलाही नट बसला की वरून एक पिळा द्यायचा, हा त्यांचा धर्म होता. आमच्या घरात सैल असं काही नसायचं. नळ असे बंद व्हायचे की आई सकाळी तोंड धुवायला त्यांना उठवायची. साखरेची बरणी उघडायला ती शेजारी पाठवायची आणि ते घरी यायच्या आत झाकण हलकेच ठेवून द्यायची. आम्हा दोघांच्याही हातात हे उतरलंय. धाकट्याने गाडीचं चाक बसवलं की पुढचा पंक्चरवाला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मीसुद्धा शेगडीची खिट्टी अशी लावते की काकूंना दोन्ही हातांनी ओढावी लागते. आणि ह्या घरात मला एक काच सैल बसवायची होती.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून मी दार ठेवलं. गंजलेल्या स्क्रूंना तेल पाजलं, वाट पाहिली, सोडवले. जुनी दोरी खाचेत दगडासारखी झाली होती, ती सुरीच्या टोकाने उकरली. नाना खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे ताळ्यावर आले होते.

"दोरी ओढू नको," ते म्हणाले. "ओढली की बारीक होते, मग धूर गळतो. नुसती ठेव. बोटाने दाब. अशी."

त्यांनी स्वतः दोरी बसवली. बोटं थरथरत होती, पण खाचेत शिरली की थरथर थांबायची. कोपऱ्यावर त्यांनी ती इतकी सुरेख वळवली की मला आतून भरून आलं. हा माणूस अजून आहे, असं वाटलं. कुठे गेलेला नाही, फक्त त्याला काम द्यायला हवं.

काच ठेवली, पट्ट्या ठेवल्या, स्क्रू बोटांनी फिरवले. थांबले.

"आता पाना घे," नाना म्हणाले.

"ह्याला पाना लावायचा नाही, नाना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घराण्याच्या तोंडाला काळं फासलं. मग काचेवर बोट ठेवून हलवलं. ती पट्ट्यांखाली किंचित हलली.

"सैल आहे."

"सैलच हवी. काचवाल्याने सांगितलंय. लोखंड फुगतं."

"मला सांगतोय लोखंड?" नाना म्हणाले.

दार चढवलं, शेगडी पेटवली, जाळ काचेमागे उभा राहिला आणि नाना आपल्या जागी जाऊन बसले. घर पुन्हा घर झालं. त्या रात्री मी गाढ झोपले. मला वाटलं, सुटले.

पण काच वाजायची. तापताना आणि निवताना, दाराच्या चौकटीत टिक्, टिक्, अगदी बारीक. मला ती मुद्दाम कान दिल्याशिवाय ऐकू यायची नाही. नानांचं सगळं आयुष्य वाजणाऱ्या गोष्टी शोधण्यात गेलं होतं. माझं नाव त्यांच्या डोक्यातून जात-येत होतं, पण तो टिक् त्यांना शेजारच्या खोलीतूनही ऐकू यायचा.

"वाजतंय," ते म्हणायचे.

"वाजू दे, नाना."

"हे काम कुणी केलं?"

"मी केलं."

"नाही नाही. तू चांगलं करतेस. हे त्या नव्या माणसाचं काम आहे. त्याला सांग, सैल आहे."

"सांगते."

मी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, हातोडी, सगळं गोळा करून काकूंच्या घरी नेऊन ठेवलं. टोकदार चमचेसुद्धा लपवले. काकू म्हणाल्या, "अगं, एवढं काय, म्हातारा माणूस तो." त्यांनी बिजागऱ्या काढलेलं दार बघितलं नव्हतं. सगळं लपवलं असं मला वाटलं. शिलाई मशीनच्या खणात तेलाच्या डबीशेजारी बोटभर लांबीचा एक पाना असतो, तो माझ्या ध्यानातच आला नाही. मशीन मी किती वर्षांत उघडलं नव्हतं.

त्या दिवशी कामावरून आले तेव्हा काकू नुकत्याच लाकूड घालून गेल्या होत्या. जाळ छान धरला होता. नाना खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांचा चेहरा मी पाहिला तो अजून विसरता येत नाही. पगाराच्या दिवशी घरी यायचे तेव्हा असायचा, तसा चेहरा.

"ऐक," ते म्हणाले.

मी ऐकलं. काही ऐकू येत नव्हतं.

"आता वाजत नाही," नाना म्हणाले. "मी केलं."

खुर्चीच्या हातावर तो बोटभर पाना पडला होता. दुपारी जाळ खाली बसलेला असताना त्यांनी दार उघडलं असणार, आतल्या बाजूचे स्क्रू एकेक करून आवळले असणार, वरून एक पिळा दिला असणार आणि दार पुन्हा लावून ठेवलं असणार. मी पिशवी टाकली, पाना उचलला, दाराकडे धावले. खिट्टीला हात लागला आणि भाजला. फडकं घ्यायला वळले. तेवढ्यात मागे आवाज झाला. मोठा नव्हता. काच मधोमध गेली. वरचा तुकडा क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग पुढे झुकून फरशीवर आला, मागोमाग निखारे.

मी निखारे फावड्याने गोळा केले, बादलीत टाकले, जळतं लाकूड चिमट्याने धरून अंगणात नेलं. धुराने डोळे चुरचुरत होते. चटईला भोक पडलं होतं. परत आले तर नाना वाकून काचेचा तुकडा न्याहाळत होते.

"सैल असणार," ते म्हणाले. "म्हणून गेली."

मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल. तुमच्यापायी माझं आयुष्य गेलं, हे वाक्य त्यात होतं. नाना उठून उभे राहिले. हात सरळ खाली, मान खाली.

"साहेब," ते म्हणाले, "चूक झाली. मी आत्ता बघतो. पाळी संपायच्या आत करून देतो."

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि पायांवर रजई टाकली. मग फोन उचलला, कारण घरात आता ऊब नव्हती, काच नव्हती आणि सोसवतही नव्हतं.

धाकटा सकाळी आला. मला वाटलं होतं, तोफ डागत येईल. तो बस आगारात गाड्यांची दुरुस्ती बघतो, लोखंडी पत्रा कापून, भोकं पाडून, काळा रंग मारून बरोबर घेऊन आला होता. त्याने काचेच्या जागी पत्रा बसवला आणि स्क्रू असे आवळले की घामाघूम झाला. पत्र्याला आवळल्याने काही होत नाही.

"थंडी संपेपर्यंत चालेल," तो म्हणाला. "मग काच आणू. मी देतो आणून."

"आणि ती संस्था?"

"बघू," तो म्हणाला, आणि नानांच्या पाया पडून गेला. मी त्याच्याबद्दल इतकी वर्षं मनात जे साठवलं होतं, त्यातलं निम्मं मी त्या दिवशी काढून टाकलं.

शेगडी पहिल्यापेक्षा चांगली चालायला लागली. धूर नाही, आवाज नाही, लाकूडही कमी लागायचं. खोली उबदार. नाना खुर्चीत, समोर काळा पत्रा.

"विझली का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही नाना, पेटलीय. ऊब लागत नाही का?"

"ऊब लागतेय." ते विचारात पडले. "पण विझलीय."

ते उठले, दार उघडलं. धुराचा लोट बाहेर आला, ठिणग्या उडाल्या. मी दार लावलं. ते बसले. पुन्हा म्हणाले, "विझली का गं?" त्या दिवशी हे किती वेळा झालं ते मोजण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी मी खिट्टीला तार गुंडाळली. माझ्या पद्धतीने गुंडाळली, त्यामुळे ती त्यांना सुटली नाही.

मग त्यांनी दुसरी वाट काढली. मी भाजी चिरत होते. ओरडणं नाही, काही नाही. नुसता वास आला. बाहेर आले तर नानांचा उजवा तळवा पत्र्याला टेकलेला होता. मी त्यांना मागे ओढलं. कातडी पत्र्याला राहिली.

"पेटलीय गं," ते म्हणाले. समाधानाने म्हणाले. "मी बघितलं."

हात थंड पाण्यात धरला, दवाखान्यात नेलं, पट्टी बांधून आणली. तो हात दुखतोय हे त्यांना कळत होतं, पण तो आपला आहे हे कळत नव्हतं. "ह्याला काय झालं?" असं विचारायचे. धाकट्याने दुसऱ्या दिवशी जाळी पाठवली, शेगडीभोवती उभी करायला, कडीची. फिटर माणसाला कडी किती वेळ अडवणार! मी जाळीच्या पुढे टेबल लावलं. रजा घेतली. धुलाईखान्यातली मुकादमीण म्हणाली, ही शेवटची, पुढे माणूस बदलावा लागेल. मी म्हटलं, बदला.

आणि मी घरात असताना, त्याच खोलीत, त्यांची पट्टी बदलत असताना ते झालं. जुनी पट्टी सोडली होती, मलम लावलं होतं. कात्री खिडकीत राहिली होती, ती घ्यायला मी वळले. खिडकी ती केवढीशी दूर, हात लांबवला की येते. नानांनी टेबल पोटाने सरकवलं, कडी काढली आणि डावा हात टेकवला.

"पेटलीय," ते म्हणाले.

त्यांच्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधून झाल्यावर मी त्यांना भरवलं. लहान मुलासारखे आ करून जेवले. जेवण आवडलं म्हणाले. मग मी उठून धाकट्याला फोन लावला.

"ये आणि त्यांना घेऊन जा," मी म्हटलं.



"ताई, अगं, बघू की अजून थोडे दिवस," तो म्हणाला. "मी रजा टाकतो. मी येऊन राहतो. आपण दोघं मिळून..."

"तुला नोकरी आहे. मुलं आहेत."

"तूच म्हणायचीस ना, ते तिथे टिकणार नाहीत?"

"इथेही टिकत नाहीत," मी म्हटलं.

तो रडत होता. मी त्याला समजावत राहिले. तिथे भिंतींतून गरम पाण्याचे नळ फिरवलेत, भाजायची भीती नाही. दिवसरात्र माणूस असतो. डॉक्टर येतो. आपण दर आठवड्याला जाऊ. ही सगळी वाक्यं त्याचीच होती. त्याने मला ऐकवली तेव्हा मी प्रत्येकाला उत्तर दिलं होतं, आणि आता तो माझी उत्तरं मला देत होता, आणि मी ती एकेक करून खोडून काढत होते. शेवटी तो हरला. "उद्या सकाळी येतो," म्हणाला.

"कोण येतंय?" नानांनी विचारलं.

"धाकटा. उद्या सकाळी."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "उद्या? मग आधी सांगायचंस ना. घर जरा गरम करून ठेव, पोरी. त्याला लहानपणापासून थंडी बाधते."

ते लाकूड आणायला उठू लागले. दोन्ही पांढरे हात खुर्चीवर टेकवता येईनात, तेव्हा परत बसले आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "तुम्ही बसा," मी म्हटलं. "मी घालते."

मी खिट्टीची तार सोडली, दार उघडलं, लाकूड आत ठेवलं. मग दार लावायला हात नेला आणि लावलं नाही. धूर खोलीत यायला लागला, येऊ दिला. खिडकी उघडली. नानांची खुर्ची मागे घेतली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, त्यांची दोन्ही मनगटं धरून. लाकडाने हळूहळू पेट घेतला.

"छान चाललंय," नाना म्हणाले. खोकले, डोळे पुसले, पुन्हा बघू लागले. "धाकटा आला की त्याला दाखवू."